शैलाताईंची खरड छाटणी

शैलाताईंनी कुणाला कधी बाग समोरून दाखवली नाही. देवळाच्या लाकडी ओसरीवर ग्रीन टीचा कप धरून लोक तळ्याकडे बघत बसलेले असायचे, आणि ह्या बाई मागच्या झुडपांतून मुंडकं बाहेर काढून माझ्यावर ओरडायच्या, "तिथं काय बसलीस? तिथून काय, सगळ्यांनाच छान दिसतं. इकडं ये, मागून बघ!" घटकाभर शांत बसावं म्हणून माणसं लांबून गाडी हाकत येतात त्या देवळात, आणि ह्यांचा आवाज पार्किंगपर्यंत ऐकू जायचा.

कॅनबेरापासून तासाभरावर डोंगरात हे जपानी बौद्ध देऊळ आहे. बाग इथल्या मानाने जुनी, जपानहून आलेल्या माळ्यांनी लावलेली. त्यांच्यातले आता एकटे हारादा-सान उरलेत. शैलाताई कॅनबेरातल्या गुंगालिन भागात आमच्या शेजारी राहायच्या. माहेर निफाडकडचं, द्राक्षबागायतदाराचं. नवऱ्याच्या, सुधीरभाऊजींच्या, सरकारी नोकरीपायी कॅनबेरात आल्या आणि इथल्या थंडीला शिव्या घालत राहिल्या. देवळात माळीकाम मिळालं तेव्हा म्हणे पहिल्याच दिवशी हारादा-सानना सांगून मोकळ्या झाल्या, "आय ॲम ग्रेप फार्मर्स डॉटर. सीझर्स आय नो." आणि मग पुढची कितीतरी वर्षं त्याच माणसाकडून कात्री धरायला शिकल्या. ते त्यांनी कधी कबूल केलं नाही, ही गोष्ट वेगळी.

मी आयटीतली, कॉन्ट्रॅक्टवर. एका शनिवारी कुंपणापलीकडून हुकूम आला, "मीनल, चल गं माझ्याबरोबर. स्क्रीनपुढं बसून पिवळी पडलीयेस." गेले, आणि मग दर शनिवारी जात राहिले.

मागून बाग म्हणजे काय, ते मला त्यांनी दाखवलं. तळ्यावर झुकलेला तो जुना पाइन समोरून किती सहज वाटतो! मागे जाऊन बघावं तर फांद्यांना काथ्याच्या दोऱ्या, खालून बांबूचे टेकू, आणि कात्रीचे एकूण एक घाव पाठीमागच्या अंगाला. "पाहुण्याला कात्री दिसली की माळी नापास," त्या म्हणायच्या. मला उकिडवं बसवून पाइनच्या जुन्या सुया, म्हणजे सुईसारखी पानं, हाताने काढायला लावायच्या. मी वैतागून किती राहिल्या विचारलं की ठरलेलं उत्तर, "तू सुया मोजू नको. मधून उजेड दिसतोय का, ते बघ." खोटं कशाला सांगू, मला आधी हे सगळं थोतांड वाटायचं. मग एके दिवशी खरंच त्या फांद्यांमधून पलीकडचं पाणी दिसलं, आणि मी आपणहून पुढची फांदी धरली.

माझ्या सासूबाई पुण्याहून आल्या होत्या तेव्हा त्यांना तिथे नेलं. मी चपला काढेपर्यंत सासूबाईंनी तळ्याकाठच्या उभ्या दगडाला कुंकू लावून, पाणी घालून हातसुद्धा जोडले होते! शैलाताई कुंकू घासायला टूथब्रश घेऊन धावत आल्या. "अहो आई, हा देव नाही, नुसता दगड आहे. ह्याच्यावर शेवाळ धरायला आमची हयात गेली!" सासूबाई जराही हलल्या नाहीत. "इतकी सेवा करता त्याची, मग देव नाही कसा?" शैलाताईंनी टूथब्रश खिशात घातला आणि कुंकू तसंच राहू दिलं. तसं माझ्या पाहण्यात तेवढं एकदाच झालं.

मग त्या शब्द विसरायला लागल्या. आधी माणसांची नावं, मग रोजच्या वस्तूंची. एकदा देवळातून घरी यायला निघाल्या आणि भलत्याच गावाच्या पेट्रोल पंपावर रडत बसलेल्या सापडल्या. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी सांगितलं त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडेच होते. भाऊजी खुर्चीत बसून रडत होते. शैलाताईंनी चहा टाकला, साखर दोनदा घातली आणि आमच्याकडे वळून म्हणाल्या, "रडू नका रे. डोकं जातंय तर जाऊ दे. पण एक ऐका, माझी कात्री काढून घेऊ नका. कात्री घेतलीत की मी संपले."

भाऊजींनी शब्द दिला. लायसन्स गेलं, मग गाडी मी चालवायची. गंमत बघा, माझं नाव त्यांना आठवायचं नाही, पण झाडाशी उभ्या राहिल्या की हात बरोबर चालायचा. डावा हात फांदी चाचपायचा, उजवा नेमका तिथेच कापायचा. इंग्रजी तर पार गेलं. हारादा-सानशी त्या मराठीतच बोलायला लागल्या आणि त्यांना दादा म्हणायला लागल्या. दादा म्हणजे त्यांचे वडील. हारादा-सानही त्या हाकेला ओ द्यायचे.

मग एप्रिलमधल्या एका शनिवारी हारादा-सान नव्हते, दातांच्या डॉक्टरकडे गेले होते. मी देवळामागे पानं गोळा करत होते. तळ्याच्या टोकाला लाकडी मांडवावर विस्टेरियाची जुनी वेल होती. ऑक्टोबरात तिला जांभळ्या फुलांचे हातभर लांब घोस लोंबायचे, आणि ते बघायला सिडनीहून माणसं यायची. मी पानांची गाडी घेऊन आले तो मांडव उघडा! वर आभाळ दिसत होतं. खाली काड्यांचा गुडघाभर ढीग, आणि शिडीवर शैलाताई, घामाघूम, कधी नव्हे इतक्या खुशीत.

"झाली बघ खरड छाटणी!" त्या वरून ओरडल्या. "काडीला एक एक डोळा ठेवलाय. दादांना सांग, शैलीने एकटीने केली."

निफाडला एप्रिलमध्ये द्राक्षवेल अशीच खरडून कापतात, हे त्यांनीच मला मागे सांगितलं होतं. मग ऑक्टोबरात गोडी छाटणी करायची की घड लागतात. तिथे एप्रिल म्हणजे उन्हाळा, इथे पानगळ. विस्टेरियाच्या काडीवर फुलांचे डोळे, म्हणजे कोंब, आधीच धरलेले असतात, तेव्हा येत्या ऑक्टोबरची सगळी फुलं त्या ढिगात होती. मी त्यांना शिडीवरून उतरवलं, पाणी दिलं. रागवायचं कुणावर?

हारादा-सान दुपारी आले, गाल सुजलेला. मांडवाखाली गेले. एकेका काडीचं टोक बोटाने चाचपून बघितलं. मला वाटलं, आता काय बोलतात! ते मला एवढंच म्हणाले, "व्हेरी क्लीन कट." आणि पाठ फिरवून डोळे पुसले.

देवळाच्या कमिटीचं म्हणणं पडलं की आता शिडी आणि कात्री नको. त्यांचंही चुकलं नाही, उद्या पडल्या असत्या तर? भाऊजींनी कात्री गाडीच्या डिकीत लपवली. त्यानंतर शैलाताई दिवसभर घरातले ड्रॉवर उघडायच्या आणि मिटायच्या. काय शोधताय विचारलं की म्हणायच्या, "ते गं… ते." शब्दच नसायचा. मी माझ्या घरात येऊन दार लावून रडायचे. भाऊजी आठवड्यात म्हातारे दिसायला लागले. "दिलेला शब्द मोडला मी," ते मला म्हणाले, "आणि तिला आठवतसुद्धा नाहीये, की मी शब्द दिला होता."

शैलाताई पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यात गेल्या, झोपेत. पण मला विचाराल तर त्या गेल्या त्याआधीच, छाटणीनंतरच्या ऑक्टोबरातल्या एका शनिवारी.

त्या दिवशी मी हट्टाने दोघांना देवळात घेऊन गेले. मांडवावर कोवळी पानं खूप होती, घोस एकही नव्हता. फुलं बघायला आलेले लोक फोन खिशात घालून परत फिरत होते. शैलाताईंनी वर बघितलं आणि किती महिन्यांनी त्यांचा तो मोठा आवाज निघाला. "अगं बाई! गोडी छाटणी राहिलीय की! दादा, कात्री द्या."

हात पुढे केला. भाऊजी खाली बघायला लागले. हारादा-सान काय समजले देव जाणे, त्यांनी कमरेची स्वतःची कात्री काढली आणि दोन्ही हातांनी शैलाताईंच्या तळव्यावर ठेवली.

त्यांनी ती धरली. उलटी केली, सुलटी केली. पाती मिटून ठेवणारी कडी कुठे सोडायची, ते बोटांना सापडेना. अंगठा नुसता फिरत राहिला, एकदा इकडून, एकदा तिकडून. मी म्हणणार होते, ताई, मी उघडून देते. पण भाऊजींनी माझा दंड धरला. शैलाताईंनी हळूच ती कात्री हारादा-सानना परत दिली. चेहऱ्यावर दुःख नाही, काही नाही.

"तुम्हीच करा, दादा," त्या म्हणाल्या. "मग मी आता जाऊ?"

हारादा-सानना मराठीचा एक शब्द येत नाही. तरी ते कितीतरी वेळ हो म्हणून मान हलवत राहिले.