प्रिंटर वाशीत, अर्ज जासईत

सांगण्यासारखी गोष्ट नाही. पण चहा पाजलात, तर ऐका. मी स्वतःची फजिती स्वतःच्या तोंडाने सांगतोय. पुन्हा विचाराल तर सांगणार नाही.

न्हावा शेवाचं बंदर तेव्हा नुकतं सुरू झालं होतं. आमच्या कंपनीचं ऑफिस वाशीला, कंटेनरचं यार्ड जासईला. मी मुकादम. शिक्षण चौथी. पण एका हाकेला चाळीस हमाल उभे राहायचे!

ऑफिसात कॉम्प्युटर आला. टेलिफोनच्या तारेने यार्डाला जोडला. त्यातच यार्डाच्या इन-चार्जची जागा रिकामी झाली. साहेब म्हणाले, "मुकादम, जागा तुम्हाला द्यायचा विचार आहे. पण आता गेटपास कॉम्प्युटरवर निघतात. तेव्हा तुमचा अर्ज मशिनीतून स्वतः छापून दाखवा. आज संध्याकाळपर्यंत."

आणि ते जासईला निघून गेले.

कॉम्प्युटर ऑफिसातल्या टायपिस्ट साळवीबाईंकडे होता. त्यांनी मी सांगितला तसा अर्ज टाइप केला. मशिनीत माझ्या नावाचं खातं उघडलं, त्यात कसं शिरायचं ते आणि छापायचा हुकूम चिठ्ठीवर लिहून दिला. हिरवी ओळ आली की हुकूम पोचला, एवढं समजावलं.

"आणि मुकादम, तुमच्या नावाने आत गेलात ना, की प्रिंटर जो असतो तो—"

"ठाऊक आहे."

"अहो, ऐका तरी!"

"बाई, तुम्ही जेवायला जा."

गेल्या बिचाऱ्या.

चिठ्ठीत बघून एकेक अक्षर दाबलं. शेवटी मोठं बटण. हिरवी ओळ आली. आणि प्रिंटर? माझ्या उजव्या हाताला, वीतभर अंतरावर. गप्प!

पुन्हा हुकूम दिला. ओळ आली. प्रिंटर ढिम्म. आता तुम्हीच सांगा, विश्वास कुणावर ठेवायचा?

कागद काढून परत बसवला. शाईची फीत ताणली. वायर हलवली. प्रत्येक दुरुस्तीनंतर एकदा हुकूम. शेवटी प्रिंटरला थाप मारली आणि हमालाला देतो तसा आवाज दिला, "ए, ऊठ!" बाहेरचा शिपाई दचकून उभा राहिला. प्रिंटर नाही.

मी सोडतो की काय? हुकूम देतच राहिलो.

तेवढ्यात यार्डाचा ड्रायव्हर बबन स्कूटरवरून घामाघूम होऊन आला.

"मुकादम, थांबवा! काय लावलंय तुमी?"

"काय झालं?"

"गेटपास निघत नाय! प्रिंटरातून नुसते तुमचे अर्ज येतात. एक संपला का दुसरा. गाड्यांची रांग पार गावात गेली हाय!"

"मग फोन करायचा!"

"लागतो कुठं? त्या तारेवर तुमीच बसलाय!"

साळवीबाई डबा खाऊन आल्या. त्यांनी कपाळाला हात लावला. "हेच सांगत होते. मशिनीच्या आत प्रत्येक वस्तूच्या नावाची फाईल असते. प्रिंटरचीसुद्धा. त्या फाईलीत टाकलं की त्या वस्तूला पोचतं. मग ती वस्तू शेजारी असो, नाहीतर जासईत. तुमचं खातं यार्डाचं. त्यात हा प्रिंटर दिसतच नाही."

"मला दिसतोय की!"

"तुम्हाला दिसतो हो. तुमच्या खात्याला नाही दिसत."

बाईंनी उरलेले हुकूम रद्द केले, तेव्हा गाड्या सुटल्या.

संध्याकाळी साहेब आले. हातात घड्या घातलेला लांबच लांब कागद. टेबलावर ठेवला. एकवीस अर्ज! सगळ्यात वरच्यावर साहेबांच्या अक्षरात 'मंजूर' लिहिलेलं. खाली सही. आणि त्या सहीवर आडवी रेघ.

मी रेघेकडे बघत राहिलो.

साहेब म्हणाले, "मुकादम, पहिला अर्ज आला, तेव्हा मी थक्क झालो. म्हटलं, मी जासईत आहे हे ओळखून या माणसाने अर्ज थेट इथे पाठवला! उभ्या उभ्या सही केली."

"मग, साहेब?"

"मग पुढचे वीस आले."