नेलपॉलिशचा ठिपका

माझं काम तपासणीचं. खोपोलीच्या एका कारखान्यात दिवसभर दुसऱ्यांनी बनवलेले लोखंडी भाग मापायचे आणि मापात बसले की त्यांच्यावर हिरव्या रंगाचा ठिपका द्यायचा. ठिपका दिला की तो भाग माझा. पुढं काही बिनसलं तर जाब मला विचारतात. बारा वर्षं मी हेच करतोय. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी जे केलं ते अजाणतेपणी केलं असं कुणाला वाटायला नको.

आमचं गाव कर्जतहून खोपोलीकडे येताना लागतं. बाबांचा दुधाचा धंदा आहे. घरच्या दोन म्हशी, शिवाय गावातल्या चारपाच घरांचं दूध. पहाटे मोटारसायकलच्या दोन्ही बाजूंना कॅन अडकवून ते निघतात. आधी टेकडीवरचं रिसॉर्ट, म्हणजे भरल्या कॅननिशी उभी चढण, आणि मग खाली उतरून कर्जतच्या रस्त्यानं दारोदार. गाडी शंभर सीसीची, माझ्या कॉलेजच्या वेळची. तिला हळू पण नेटानं ओढायची सवय होती. बाबांनाही तेवढंच हवं होतं.

त्या गाडीचं इंजिन कर्जतच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींशिवाय कुणी उघडलेलं नव्हतं. मी त्यांना काका म्हणतो. त्यांच्याकडेही आमचंच दूध जातं. काकांची एक रीत होती. इंजिन बांधून झालं की ते हेडच्या चारही नटांवर लाल नेलपॉलिशचा एकेक ठिपका द्यायचे, अर्धा नटावर आणि अर्धा खालच्या धातूवर. नट कुणी जरा जरी फिरवला तर ठिपका तुटणार. त्यांची मुलगी लग्न होऊन गेली तेव्हा तिची बाटली घरी राहिली होती, तिथून ही रीत सुरू झाली. ती बाटली संपल्यावर त्यांनी त्याच रंगाची दुसरी आणली. आमच्या भागात जुनी गाडी घेणारा माणूस आधी वाकून नट बघायचा. ठिपके शाबूत असले की पुढचं बोलणं. "ठिपका हाय तवर काम माजं," असं काका म्हणायचे, आणि मग गाडी कितीही लांबून परत आली तरी कटकट न करता उघडायचे.

गेल्या उन्हाळ्यात त्यांनी बाबांच्या गाडीचं इंजिन नव्यानं बांधून दिलं होतं. गाडी मस्त चालत होती. त्याच सुमारास मला पोर्टिंगचं वेड लागलं.

इंजिनाच्या डोक्यात, म्हणजे हेडमध्ये, दोन वाटा असतात. एकीतून हवा आणि पेट्रोल आत जातं, दुसरीतून धूर बाहेर पडतो. या वाटा आतून घासून रुंद आणि गुळगुळीत केल्या की इंजिन जास्त श्वास घेतं आणि गाडी पळते, असं मोबाईलवरचे लोक छातीठोकपणे सांगत होते. मी महिनाभर तेच बघत होतो. माझी स्वतःची गाडी नवी होती, वॉरंटीत. तिला हात लावायची माझी हिंमत नव्हती. मग हात कुठं साफ करायचा? बापाच्या गाडीवर. आज हे लिहितानाही कान गरम होतात.

बहिणीच्या बाळाचं बारसं होतं. आईबाबा तीन दिवस तिच्याकडे गेले. मी रजा टाकली. सकाळी माझ्या गाडीवरून दूध घालून यायचो आणि मागच्या पडवीत बसायचो. ठिपके तोडून नट सोडले, हेड उतरवलं, वाटांची झाकणं, म्हणजे व्हॉल्व्ह, काढले आणि ड्रिलला घासायचा दगड लावून सुरुवात केली. ॲल्युमिनियम मऊ असतं. हाताखाली ते लोण्यासारखं निघत जातं आणि माणसाला वाटतं की आपल्याला जमतंय. आत येणारी वाट मी भरपूर रुंद केली. मग काठीला पॉलिशपेपर गुंडाळून ती वाट इतकी चकचकीत केली की तिच्यात माझं बोट दिसत होतं. वाट किती मोठी झाली हे मी एकदाही मापलं नाही. कारखान्यात केसाएवढा फरक पडला तर मी माल परत पाठवतो.

तिसऱ्या दिवशी सगळं पुन्हा बांधलं. नटांवरचे ठिपके तुटलेले होते. मी कर्जतला बांगड्यांच्या दुकानात गेलो आणि त्याच लाल रंगाची बाटली मागितली. दुकानदारानं विचारलं, "कुणासाठी?" मी म्हणालो, "बहिणीसाठी." घरी येऊन चारही नटांवर ठिपके दिले, अगदी काकांसारखे, अर्धे वर आणि अर्धे खाली. तेव्हा मी स्वतःची समजूत घातली होती की बाबांना आधी गाडी पळवू द्यावी आणि मग हसत सांगावं. चौक गावाच्या रस्त्यावर मी ती पळवून बघितली तेव्हा ती खरंच सुसाट गेली. मी हेल्मेटच्या आत एकटाच हसत होतो.

दुसऱ्या दिवशी बाबा कॅन लावून चढणीला गेले आणि अर्ध्या वाटेवर गाडी मेली. रुंद तोंडाच्या पाईपातून पाणी जोरात येत नाही, तसं झालं होतं. वाट मोठी झाल्यामुळं हवेचा जोर गेला होता. गाडी रिकामी असली आणि सपाट रस्ता असला की पळायची. ओझं घेऊन हळू चढायचं म्हटलं की तिच्यात काही राहायचं नाही. बाबा घामानं निथळत घरी आले. "गाडी उचलत नाय रं," ते म्हणाले. मग वाकून नटांकडे बघितलं. ठिपके जागच्या जागी होते. "आताच तर बांधलीय मिस्त्रीनं."

त्या क्षणी मला सांगता आलं असतं. ओट्यावर आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "पेट्रोल खराब असेल."

महिनाभर आम्ही पेट्रोल, फिल्टर, कार्बोरेटर असं करत राहिलो. बाबा रोज सकाळी चढणीच्या खाली अर्धं दूध उतरवायचे आणि दोन खेपा करायचे. शेवटी एका रविवारी ते गाडी घेऊन काकांकडे गेले, सोबत मीही. काकांनी आधी हाताच्या पंजानं धूळ पुसली, नटांवरचे ठिपके निरखून बघितले आणि म्हणाले, "ठिपका माजा हाय. म्हंजे चूक माजी हाय. सोडा हितं."

त्यांनी इंजिन उघडलं तेव्हा शेडमध्ये उजेड कमी होता. त्यांनी मला टॉर्च धरायला सांगितला. त्यांनी पिस्टनच्या रिंगा बघितल्या, व्हॉल्व्ह बघितले, व्हॉल्व्ह बसतो ती जागा बोटानं चाचपली. मी उजेड त्या जागेवर धरून ठेवला. आतल्या वाटेवर तोवर तपकिरी थर चढला होता, पण उजेड पडला असता तर त्यांना दिसलं असतं. मनगट दोन बोटं वळवायचा अवकाश होता. मी ते वळवलं नाही. त्या वाटेत तसं कुणी बघतही नाही. ती कधी झिजत नाही, कंपनीतून येते तशीच राहते. हे मला ठाऊक होतं आणि मी त्याच्यावरच भिस्त ठेवून उभा होतो.

त्यांना काही सापडलं नाही. त्यांनी गाडी पुन्हा बांधली, ती चढेना. पुन्हा उघडली. तिसऱ्यांदा गाडी परत देताना त्यांनी बाबांना सांगितलं, "माजा हात गेला. दुसऱ्याला दाकवा." त्या वेळी त्यांनी ठिपके दिले नव्हते.

बाबांना वाईट वाटलं. पण दूधवाला माणूस, दारोदार जाणारा. कुठं काय चाललंय हे त्याला प्रत्येक दारात विचारतात. "मिस्त्रीचा हात गेला," हे बाबांनी हळहळतच सांगितलं, पण सांगितलं सगळीकडे. पावसाळा संपेपर्यंत काकांच्या शेडसमोर पंक्चर आणि ऑईल बदलायला आलेल्या गाड्याच दिसायला लागल्या. इंजिनं खोपोलीला जाऊ लागली. कर्जतला गेलो की त्या शेडवरून जाताना मी मान दुसरीकडे वळवायचो.

दिवाळीनंतर एकदा त्यांनी मला हात करून थांबवलं. मला वाटलं, कळलं. ते म्हणाले, "तुमच्या कंपनीत नट किती आवळलाय ते मोजायचा पाना असतो ना रं? एक दिवस आणशील?"

मी तो पाना साहेबांना विचारून आणला. ठरवलेल्या जोराला पोचला की तो कट् असा आवाज करतो. काकांनी एक जुनं इंजिन शिकंज्यात धरून ठेवलं होतं. त्यांनी त्याचे चार नट नुसत्या हातानं आवळले, डोळे मिटून, आणि बाजूला झाले. "आता बघ," ते म्हणाले. मी पाना एकेका नटाला लावला. चारही नट एकाच जागी बोलले. कारखान्यातली आमची पोरं पाना हातात असूनही इतकं सारखं आवळत नाहीत.

मी म्हणालो, "काका, बरोबर आहेत."

"पाना बरोबर हाय का?"

"हो."

"परत बघ."

मी परत बघितलं. ते खाली स्टुलावर बसले. "मंग माजं चुकलं कुटं?" त्यांनी विचारलं. मला नव्हे, त्या इंजिनाला विचारल्यासारखं.

तेव्हा मी सांगितलं. ड्रिल, पॉलिशपेपर, बांगड्यांचं दुकान, सगळं. बोलताना मी पाना दोन्ही हातांनी धरून उभा होतो. माझं संपल्यावर त्यांनी एवढंच म्हटलं, "टॉर्च तूच धरला व्हतास."

मी मान हलवली. त्यांनी शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी शिकंजा सैल केला, इंजिन खाली ठेवलं आणि हात पुसत म्हणाले, "मला सांगून काय हुनार? बापाला सांग."

संध्याकाळी बाबा म्हशींना वैरण टाकत होते. तिथंच त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकलं, उरलेली पेंढी सोडून टाकली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "सहा महिनं मी ज्या ज्या दारात त्या मानसाची बदनामी केलीय, त्या प्रत्येक दारात उद्या तू दूध घालशील आनि तुज्या तोंडानं सांगशील. याच गाडीवर जायाचं."

दुसऱ्या दिवशी मी त्या गाडीवर कॅन लावले. चढणीला ती नेहमीच्या ठिकाणी मेली. मी अर्धं दूध खाली ठेवून दोन खेपा केल्या, तेव्हा बाबा सहा महिने काय करत होते ते माझ्या पाठीला कळलं. मग दारं सुरू झाली. पहिलं दार एका बाईंचं. माप हातात घेऊन मी म्हणालो, मिस्त्रीकाकांचा हात गेलेला नाही, इंजिन मी बिघडवलं आणि त्यांचा खोटा ठिपका दिला. त्या बाई माझ्याकडे बघत राहिल्या आणि पातेलं पुढं करायला विसरल्या. एका दारात हसले. एका दारात म्हातारा म्हणाला, "परत सांग, नीट ऐकू आलं नाय," आणि मी परत सांगितलं. सतरा दारं होती. दहाव्या दारापर्यंत वाक्य पाठ झालं, पण सोपं झालं नाही.

शेवटचं दार काकांचं होतं. काका शेडवर गेले होते. काकू पातेलं घेऊन बाहेर आल्या. त्यांना रात्रीच कळलं असणार, तरी मी ठरल्याप्रमाणं सगळं म्हणालो. मी नेहमीचं अर्धा लिटर घातलं. पातेलं दोन्ही हातांत धरून त्या तिथंच उभ्या राहिल्या.

"सहा महिनं," त्या म्हणाल्या, "रोज जेवण झालं का दिव्याखाली बसून आपलंच हात उलटंपालटं करून बघत बसायचं. मला म्हनायचं, तुला काय दिसतंय का गं यांच्यात."

मग त्या आत गेल्या. मी रिकामे कॅन लावले आणि गाडीला किक मारली. सपाट रस्त्यावर ती छान पळत होती.