लेक सांगायची नाही

तारीख बारा जानेवारी, रविवार. रक्कम दोन लाख दहा हजार रुपये. त्यात विमानाचं तिकीट, विमा आणि एजंटाची फी. ही रक्कम आम्ही द्यायची नव्हती, चेअरमनसाहेब देणार होते. हजर: चेअरमनसाहेब, त्यांच्या पत्नी वहिनीसाहेब, बीडहून आलेला व्हिसाचा एजंट, एक फोटोग्राफर, माझी आई गया आणि मी. ठिकाण चेअरमनसाहेबांचा हॉल, तलवाड्याच्या अलीकडचं आमचं गाव.

आई सोफ्यावर बसली होती. त्या घरात ती आयुष्यात पहिल्यांदा सोफ्यावर बसत होती. अंगावर वहिनीसाहेबांची मोरपंखी साडी. स्वतःची साडी तिला मागच्या पडवीत पिशवीत ठेवायला लावली होती. शेजारी वहिनीसाहेब. दोघींच्या मधे त्यांनी एक उशी ठेवलेली.

फोटोग्राफर म्हणाला, "वहिनीसाहेब, जरा जवळ सरका. बहिणी हायत म्हणलं ना? उशी दिसायली फोटोत."

"दिसू दे. आन ओ एजंट, सख्खी नका लिव्हू बरं का. चुलत लिव्हा. तीबी लांबची."

सगळे हसले. आईपण हसली. तिला वाटलं, इथं हसायचं असतं.

चहा आला. चौघांचा कपबशीत. आमच्या दोघांचा कागदी कपात.

मग एजंटानं खुर्ची पुढे ओढली. "मावशी, आता पाठ करा. मी कॅनडाचा साहेब. कुठं चाललात?"

"भाच्याकडं."

"कशाला?"

"त्येला लेकरू व्हनार हाय. बघायला."

"काम करायला?"

"न्हाई. फिरायला."

"शाब्बास. मुलं किती तुम्हाला?"

"दोन."

"एक," एजंट म्हणाला. "एकच. मुलगा. लेक सांगायची नाही."

आईनं माझ्याकडे पाहिलं.

इथं थांबून मागचं सांगतो, नाहीतर कळायचं नाही.

आई तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आया होती. बाळंतपणाच्या खोलीत. एकतीस वर्षं. साठाव्या वर्षी रिटायर झाली, तेव्हापासून पेन्शन आहे. नोकरीत असताना आणि नंतरही गावातल्या घराघरांतून तिला बोलावणं यायचं. बाळ-बाळंतिणीला तेल लावायचं, शेक द्यायचा, लेकराला पायावर घेऊन न्हाऊ घालायचं. चेअरमनसाहेबांच्या दोन्ही मुलांना तिनंच न्हाऊ घातलं. पुढच्या दारानं आत जायची मुभा मात्र तिला नव्हती. ती मागून जायची, पडवीत बसायची, तिथंच न्हाऊ घालायची. आमची वस्ती गावाबाहेरची. एवढं सांगितलं की आमच्याकडच्या माणसाला पुढचं कळतं.

त्याच आईच्या पगारावर माझी धाकटी बहीण सुनीता नर्स झाली. लग्न केलं, नवऱ्याबरोबर कॅनडात गेली. दोघांना कायम राहायचा परवाना मिळाला. मी इथंच राहिलो. चेअरमनसाहेबांच्या पतसंस्थेत हिशेबनीस आहे, बावीस वर्षं.

आदल्या वर्षी सुनीताला दिवस गेले. जून महिना सांगितला होता. आईला दुसरं काही सुचेना. दुसऱ्यांच्या बायकांची बाळंतपणं करण्यात जन्म गेला, आणि स्वतःच्या लेकीचं सात समुद्रापलीकडं. तिनं डिंक आणून ठेवला, खारीक फोडून ठेवली.

व्हिसाचं मी वाचलं. इंग्रजी मला वाचता येतं, सावकाश. मार्ग दोन होते. एक साधा पाहुण्यांचा व्हिसा. त्यावर एका वेळी बहुतेक सहा महिने राहता येतं. दुसरा फक्त आईबापांसाठी आणि आजीआजोबांसाठी, त्याला तिकडं सुपर व्हिसा म्हणतात. त्यावर सलग पाच वर्षंसुद्धा राहता येतं. पण त्याला बोलावणाऱ्या मुलाचं किंवा मुलीचं उत्पन्न एका ठराविक रेषेच्या वर लागतं, वर्षाचा आरोग्य विमा लागतो, डॉक्टरी तपासणी लागते. सुनीताला नर्सचा तिकडचा परवाना तेव्हा मिळालेला नव्हता. वृद्धाश्रमात अर्धवेळ काम करत होती. दोघांचं मिळून उत्पन्न रेषेच्या थोडं खाली. थोडंच, पण खाली ते खालीच.

म्हणून आम्ही साधा व्हिसा मागितला. सगळं खरं लिहिलं. आईला पुण्याला नेलं, बोटांचे ठसे दिले. दीड महिन्यानं नकार आला. बाई मुक्काम संपल्यावर परत जाईल याची खात्री वाटत नाही, असं कारण. तिची पेन्शन बघितली, दोन खोल्यांचं घर बघितलं, आणि ठरवलं की या बाईला परत यायला इथं काहीच नाही.

हे संस्थेत कळलं. चेअरमनसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांचा थोरला मुलगा त्याच देशात, सुनीताच्या गावापासून मोटारीनं दोन तासांवर. त्याच्या बायकोलाही दिवस गेलेले. तिचा महिना एप्रिल.

"तिकडं बाई ठेवायची तर महिन्याला लाख-दीड लाख जातेत," ते म्हणाले. "तुज्या आईला पाठव. आमचं घर, आमची जमीन, सगळे कागद लावतो. नातेवाईक म्हणून दाखवू. सा महिने ऱ्हाईल. मधी आठ दिवस लेकीकडं जाऊन येईल. तुला काय खर्च न्हाई."

मी घरी येऊन आईला सांगितलं. मला वाटलं ती चिडेल. ती उठून उभी राहिली.

"आठ दिवस?"

"आठ दिवस."

"जूनात?"

"आपण म्हणू, जूनात द्या."

"मग व्हय म्हण की! त्यांचं लेकरू न्हाऊ घालायला मला काय जड हाय? घालतच आले की."

मी कागद पुढ्यात घेऊन बसलो. आईनं तिथं जाऊन सहा महिने काम करायचं आणि ते पाहुणी म्हणून, हे मला पटत नव्हतं. पण पलीकडे ते आठ दिवस होते. मी हो म्हणालो.

आणि आता त्या हॉलमध्ये एजंट म्हणत होता, लेक सांगायची नाही.

"का नाही सांगायची?" मी विचारलं.

"तुमचा आधीचा नकार लेकीमुळंच आलाय ना? पोरगी तिथं आहे म्हटलं की साहेबाला वाटतं, म्हातारी आली की चिकटली. म्हणून लेक नाहीच. मावशी, मुलं किती?"

आईनं मोरपंखी पदर सारखा केला.

"मावशी, वेळ जातो. मुलं किती?"

"एक."

"जोरात."

"एक. मुलगा."

"कॅनडात तुमचं कोण आहे?"

"भाचा."

"अजून कोण?"

"कोन न्हाई."

"बघा, जमतंय की!" वहिनीसाहेब म्हणाल्या. "उगं भोळी दिसती. लई हुशार हाय गया."

आईचे हात मांडीवर होते. उजव्या हाताचा अंगठा डाव्या हाताच्या बोटांवरून फिरत होता. एक बोट, दुसरं बोट. दोन बोटांवरून अंगठा पुढे जाईना.

पाच महिन्यांची पोटुशी माझी बहीण. रोज संध्याकाळी फोन करून विचारते, आईचं काय झालं, आईचं काय झालं. आणि इकडं तिची आई पाठ करतेय की मला लेक नाही.

मी मोठ्यानं बोललो नाही. हिशेब सांगावा तसं सांगितलं.

"हिच्या बोटांचे ठसे त्यांच्याकडं आधीच आहेत. मागच्या अर्जात सुनीताचं नाव आहे. हे खोटं पकडलं जाईल. खोटं सापडलं तर पाच वर्षं बंदी. आणि पुढं आईबापांचा व्हिसा मागायचा तर हीच सुनीता माझी लेक म्हणून सांगायची. आज नाही म्हणायची, उद्या आहे म्हणायची?"

"सिस्टीम एवढं बघत नाही," एजंट म्हणाला.

"बघत नसली तरी नाही. तिला लेक आहे. नाही म्हणून ती सांगणार नाही. आणि ती यांची बहीणपण नाही."

चेअरमनसाहेबांनी कप खाली ठेवला. "तू कुनाच्या घरात बसून बोलायला बे?"

"तुमच्या."

"नौकरी कुनाकडं करतो?"

"तुमच्याकडं."

"मग मधी तोंड घालू नको. गया, तू सांग. पोरगं येडं झालंय. तुला लेकीकडं जायाचं का न्हाई?"

मी आईकडे पाहिलं नाही. ती हो म्हणाली असती तर मी तिला दोष दिला नसता, हे मी शपथेवर लिहितो.

"जायाचंय," आई म्हणाली.

"मग?"

"पर मला लेकरं दोन हायत, साहेब. थोरला ह्यो. धाकटी सुनीता. तिला माज्या पोटातनं काढलीय, तोंडातनं कशी खोडू?"

ती उठली. मागच्या पडवीत गेली, स्वतःची साडी नेसून आली. मोरपंखी साडीची नीट घडी केलेली. ती वहिनीसाहेबांच्या पुढे धरली. त्यांनी हात पुढे केला नाही.

"ऱ्हाऊ दे गं. आता काय मी नेसनार हाय का ती? घेऊन जा तुलाच."

आईनं घडी उशीवर ठेवली आणि त्या घरातून पहिल्यांदा पुढच्या दारानं बाहेर पडली. आम्ही फाटकाशी चपला घालत होतो तेव्हा आतून आवाज आला, "सोफ्याच्या खोळी काढा गं सगळ्या. निर्म्यात टाका."

तिच्या पायावर यांचा नातू चालणार होता. सोफ्यावर ती अर्धा तास चालली नाही. बावीस वर्षं मी या माणसांच्या संस्थेचे आकडे जुळवले. ही साधी बेरीज मला त्या दिवशी फाटकाशी कळली. आपल्याला वाटतं, काळ बदलला, पोरगी कॅनडात गेली. काळ बदललाय तो एवढाच की पूर्वी ते आम्हाला दूर ठेवायचे, आता गरजेला नातेवाईक म्हणून लिहायला तयार आहेत. कागदावर जवळ. खोलीत उशी.

आठवड्यात माझी बदली दिंद्रुड शाखेला झाली. एसटीनं जाऊन येऊन चार तास. एजंटाला दिलेला आगाऊ खर्च चेअरमनसाहेबांनी माझ्याकडं मागितला. बावीस हजार पाचशे. मी कुरकुर केली नाही. चेक दिला, पावती मागून घेतली.

एप्रिलमध्ये त्यांना नातू झाला. गावात पेढे वाटले. आमच्याकडं आले नाहीत.

जूनमध्ये सुनीता बाळंत झाली. मुलगी. आईनं डिंकाचे लाडू केले होते, ते पार्सलनं पाठवले. पोचले तोवर बाळ सव्वा महिन्याचं झालेलं. आई रोज सकाळी फोन भिंतीला टेकवून समोर बसायची. तिकडं रात्र. सुनीताचा नवरा फोन धरायचा आणि सुनीता प्लास्टिकच्या टबात लेकराला आंघोळ घालायची. तिला ते जमायचं नाही. लेकरू घसरायचं, रडायचं.

"मान धर," आई म्हणायची. "मान धर गं सुनीते. खालनं हात घाल. असं न्हाई. असं." आणि इथं फरशीवर पाय लांब करून, दोन्ही नडग्यांवर काहीच नसताना, हात फिरवून दाखवायची.

फोन बंद झाला की तशीच बसायची. पाय लांब केलेले.

एकदा मी तिथं उभा होतो. तिनं मान वर केली नाही.

"तू केलं ते बराबर केलं," ती म्हणाली. "मी बी बराबरच बोलले. पर मला जायाचं व्हतं रे."

आम्ही बरोबर होतो आणि आईला लेकीचं बाळंतपण मिळालं नाही. दोन्ही खरं आहे. पहिल्यातून दुसरं वजा होत नाही.

एवढं मात्र ठरवलं. माझी आई जाईल ती सुनीताची आई म्हणून जाईल. कुणाची चुलत नाही, लांबची नाही, भाच्याकडं फिरायला नाही. सहा महिन्यांची पाहुणी म्हणूनसुद्धा आता मागणार नाही. आईचा म्हणून जो व्हिसा असतो तोच मागू. उशीर लागेल तर लागू दे. नात पायावर मावायची नाही, चालती होईल, तरी चालेल. पुन्हा नकार आला तर पुन्हा अर्ज करू, आणि प्रत्येक अर्जात मुलं दोनच लिहू. दिंद्रुडच्या शाखेतल्या इतर दोघांच्या घरीही असे अर्ज व्हायचे आहेत. त्यांनाही मी बसवून हे सांगितलं. एजंटाकडं जाऊ नका, आणि कुणाच्या सोफ्यावर फोटो काढायला जाऊ नका.

पुढं सुनीताला नर्सचा परवाना मिळाला. ती पूर्णवेळ कामाला लागली. या वर्षी तिच्या कराचा कागद आला, त्यात उत्पन्न रेषेच्या वर होतं. आईची तपासणी झाली. विम्याचा हप्ता सुनीतानं भरला. अर्ज मी स्वतः भरला, एका सुट्टीच्या दिवशी, आईला शेजारी बसवून. प्रत्येक प्रश्न तिला मराठीत वाचून दाखवला आणि तिनं जे सांगितलं तेच लिहिलं. निकाल अजून आलेला नाही.

व्हिसाची फी सहा हजार दोनशे चाळीस रुपये. मी देतो म्हणालो, आईनं देऊ दिली नाही. तिच्या पेन्शनमधून भरली, कॅनडा सरकारला.