ऑलव्हिनाचं विमान येणारच होतं

आमच्या बेटावरच्या धावपट्टीवर ऑलव्हिना माणसं तोलायची. नऊ जणांचं विमान, त्यामुळे बसण्याआधी प्रत्येकानं सामानासकट काट्यावर उभं राहायचं. कुणाची कंबर सुटली ते त्याच्या बायकोआधी हिला कळे. पाद्रीबुवा तर काट्यावर श्वास रोखून उभे राहत, जणू त्यानं वजन कमी भरणार होतं. पण बावीस वर्षांत बाईनं एक आकडा फोडला नाही. लोकांनी नारळाची वडी खाऊ घालून पाहिली, वडीही गेली आणि आकडाही मिळाला नाही.

विमानाला उशीर ठरलेला. मंगळवारचं गुरुवारी आलं तरी लोक वेळेवर म्हणत. तळलेले मासे बांधूनच माणसं धावपट्टीवर यायची आणि ऑलव्हिना सांगायची, "आलं नाही ना? म्हणजे येतंय."

एका सोमवारी तिच्या बहिणीचा, व्हर्लिनचा, मोठ्या बेटावरच्या इस्पितळातून फोन आला. "व्हिना, डॅडी सारखे तुला विचारतायत. डॉक्टर म्हणतात, आठवडा काढला तर खूप. लगेच नीघ."

विमान बुधवारी होतं. बुधवारी आलं नाही, गुरुवारीही नाही. शुक्रवारी आठवड्याची बोट लागली. कप्तान अल्रिक स्वतः धावपट्टीवर चढून आला.

"चल, व्हिना. सकाळी पोचवतो."

"रात्रभर कशाला हेलकावे खाऊ? विमान चाळीस मिनिटांत नेईल."

"तुझं विमान नि माझा जावई, दोघं येतो म्हणतात फक्त."

"आणि मी गेल्यावर ते आलं, तर ह्या लोकांना तोलणार कोण?"

बाकावरचे लोक हसले. तिच्या शब्दावर तेही थांबले. बोट गेली.

शनिवारी रेडिओवर सांगितलं: विमान कंपनी बंद झालीय, मंगळवारपासूनच. तोलणारीला कळवायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. पुढची बोट सहा दिवसांनी, आणि मधला समुद्र मासेमारीच्या होड्यांना झेपणारा नव्हता.

रविवारी डॅडी गेले. इस्पितळाच्या शवागारात जागा नव्हती, म्हणून मंगळवारी पुरायचं ठरलं. व्हर्लिननं कबरीपाशी फोन चालू धरला. ऑलव्हिना स्वयंपाकघरात धावपट्टीवरच्या गणवेशातच बसून ऐकत होती. प्रार्थना संपली, मग फावड्यांचा आवाज आला, तोही थांबला.

"शेवटपर्यंत दाराकडं बघत होते," व्हर्लिन म्हणाली.

ऑलव्हिनानं फोन ठेवला नाही.