निवाऱ्याच्या भिंतीवरची कोळशाची रेघ

वाहेदले लोक लंगडा म्हणतात ना, तवा मले असा राग येते का म्हणणाऱ्याच्या तोंडात माती कोंबावी. पण मी गप राह्यते. काऊन गप राह्यते, ते आज सांगून टाकते.

मी पंचफुला, अमडापूरची. कापूस वेचणाऱ्या चौदा बायांची टोळी माह्या हाताखाली, अन् वाहेद आमच्या जीपचा डायवर. बीटीचं बियाणं आलं तवापासून बोंडं सारी एकदमच फुटतात, साऱ्या गावायले त्याच आठवड्यात बाया पाह्यजेत. म्हणून आमी सकाळी जीपनं जानेफळाकडल्या वावरात जायचो अन् अंधार पडता पडता परत यायचो.

वाहेद कामात मोठा चेंगट. गाडीचा हॉर्न नाही वाजला तरी त्याले चालन, पण लाईटपाशी त्याचा जीव. येताना फाट्यावर एसटीचा निवारा लागते. त्याच्या चुना दिलेल्या भिंतीवर त्यानं कोळशानं एक आडवी रेघ ओढली होती, माणसाच्या मांडीएवढ्या उंचीवर. भिंतीपासून दहा पावलांवर एक दगड. त्या दगडापाशी जीप उभी करायची, लाईट लावायची, अन् उजेड रेघीच्या वर गेला का आमाले उठवून जागा बदलाले लावायचं. "मागं वजन झालं का गाडी नाक वर करते, मावशी," म्हणे, "मंग उजेड रस्त्यावर नाही पडत, समोरच्याच्या डोळ्यात जाते." जाड बाया पुढं, बारक्या मागं. मी अंगानं भरलेली, म्हणून माही जागा कायम त्याच्या बाजूले. बाया हसत, "पंचफुलाबाई बसली का लाईट जागेवर येते." मी चिडायची. दिवसभर वाकून कंबर मोडलेली, अन् हा माणूस भिंत पाहत उभा.

ज्या साली बीटीवर गुलाबी अळी पडली, त्या सालची ही गोठ. बोंडं वरून हिरवीगार अन् आतून किडलेली. कापूस निघेच ना, नुसती कवडी, डागी अन् चिकटलेली. वेचाले दुप्पट वेळ लागे. त्या दिवशी महादेवरावच्या वावरात माप होईस्तोवर दिवस बुडाला, अन् वरतून आभाळ भरून आलं. महादेवरावनं हात जोडले. "बाई, ठेवाले कोरडी जागा नाही माह्यापाशी. एवढी सात गाठोडी अमडापूरच्या व्यापाऱ्याकडं टाकून द्या. भिजलं तं साल गेलं माहं." त्याच्या तोंडाकडं पाह्यवत नव्हतं. मी म्हटलं, टाका.

"मावशी, मागं लय होईन," वाहेद म्हणे.

"कापूस हाय तो, दगड नोय," मी म्हटलं.

फाटा आला. वाहेदनं सवयीनं गाडी हळू केली. "दोन मिनिटं, मावशी." सात वाजून गेले होते. माहा प्रसेनजित एकुलता एक. त्याचा बाप गेला तवापासून त्याले एकच भेव, माय घरी आली का नाही. सात वाजले अन् मी दिसली नाही का तो मोटरसायकल काढून मले पाहाले निघायचा. माह्या डोक्यात तेच. मी म्हटलं, "आज भिंत-बिंत काही नाही. चाल बे." तो पुन्हा म्हणे, "दोनच मिनिटं." मंग मी आवाज चढवला. "भिंतीशी निकाह लावला काय रे तुहा? काढ गाडी." मागच्या बाया हसल्या. वाहेदनं गाडी काढली.

कोसभर गेलो असन, तवा माह्या ध्यानात आलं का मले रस्ताच दिसून नाही राह्यला. रस्त्याकाठच्या निंबायचे शेंडे लख्ख दिसत होते, पान अन् पान. खाली नुसता काळोख. खड्डा आला का तो चाकानंच समजायचा. समोरून एक ट्रक आला, त्यानं लाईटचे झपके मारले, हॉर्न दाबूनच धरला अन् आमच्या अंगाले घासल्यासारखा निघून गेला. मागच्या बायायचं हसणं बंद झालं. पुंजाजीची जनकाबाई भीमस्मरण करत बसली. वाहेदचे दोन्ही हात स्टेरिंगले चिकटलेले, कपाळावर घाम.

"त्याले काही दिसलं नाही, मावशी," तो म्हणे. "आपण त्याले आंधळा केला."

तवा मले माहा पोरगा आठवला. प्रसेनजित घरून निघाला असन. हाच रस्ता, दुसरा नाही. तो समोरून येईन, अन् आमची लाईट त्याच्या डोळ्यात जाईन. माह्याच पोराले मीच आंधळं करीन, अन् तो माह्याच गाडीखाली येईन. फोन लावला तं रेंज नाही.  "थांबव," मी म्हटलं, "वाहेद, थांबव गाडी."

त्यानं जीप कडेले घेतली, मोठी लाईट बंद केली. म्हणे, "गाठोडी पुढं घेतो, भेऊ नका." तो मागं गेला अन् दोऱ्या सोडाले लागला. मी खाली उतरली. अंधार एवढा का माहा हात मले दिसेना. अन् तेवढ्यात समोरून उजेड आला. एक दिवा. रस्त्याच्या पल्याडच्या कडेनं, हळूहळू येणारा.

एक दिवा म्हणजे मोटरसायकल. आमच्याकडं लेकराले इचारलं तरी तो हेच सांगन. माहा जीव भांड्यात पडला. पण आमची जीप अंधारात उभी, पोराले दिसणार नाही, तो मले हुडकत पुढं जाईन, म्हणून मी डोक्याचा रुमाल सोडला अन् रस्त्याच्या मधोमध जाऊन हलवाले लागली. "प्रसेनजित, थांब रे, मी इथं हाय."

ती मोटरसायकल नव्हती. कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यायनं भरलेली ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर होता, अन् त्याचा माह्याकडचा दिवा गेलेला होता. दिव्याच्या अल्याड मले जो अंधार दिसत होता, तो अंधार नव्हता, तेच त्याचं धूड होतं. मी त्याच्याच पुढं उभी. पाय हालेनात. मांगून कोणीतरी मले एवढ्या जोरानं ढकललं का मी काठच्या गवतात तोंडावर पडली. मंग एक आवाज आला. तो आवाज मी कोणाले सांगू शकत नाही.

ट्रॅक्टरवाल्यानं ब्रेक मारला तवा वाहेदचं पाऊल चाकाखालून निघालं होतं. तो माणूस पळाला नाही. त्यानंच आमची जीप चालवाले घेतली. बायायनं सातही गाठोडी रस्त्यावर फेकली, वाहेदले मागं आडवं निजवलं. अन् लाईट लावली तं उजेड सरळ खाली आला, रस्त्यावर, जसा पडाले पाह्यजे तसा. बुलढाण्याच्या दवाखान्यात पोहोचेस्तोवर मी त्या उजेडाकडं पाहत होती अन् रडत होती.

प्रसेनजित त्या दिवशी निघालाच नव्हता. त्याले ताप होता, तो घरी झोपला होता.

दवाखान्यात वाहेदची बायको फातिमा धावत आली. तिनं मले इचारलं, "मावशी, कसं झालं?" माहं तोंड उघडाच्या आत वाहेद खाटेवरून म्हणे, "मीच इसरलो, भिंतीवर लाईट पाहाची राह्यली." मी काहीच बोलली नाही. अर्धं पाऊल कापलं त्याचं. गाडी सुटली. आता फाट्यावर त्याचं पंक्चरचं दुकान हाय, अन् जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्या तो त्याच भिंतीपुढं उभ्या करते. फुकट. मी अजूनबी एक दिवा येताना पाह्यला का रस्ता सोडून नालीत उतरते.

मागच्या हप्त्यात दुकानापुढं फातिमा त्याले चारचौघात बोलली, "सोताच्या चुकीनं पाय घालवला, आता लोकायच्या लाईटा पाहून काय होते?" तो हसला, मान खाली घालून. माह्याच्यानं राह्यवलं नाही. मी म्हटलं, "फातिमा, त्याची चूक नोय. तो दोनदा थांबू म्हणे. मी थांबू नाही देल्लं."

फातिमा माह्याजवळ आली. मंग हळूच म्हणे, "मले माहीत हाय, मावशी, तुमच्या तोंडून ऐकाचं होतं. हा अजूनबी झोपेत म्हणते, थांबा मावशी, दोनच मिनिटं."