आत्यांचं पथ्य सुटलं

मागच्या गुरुवारी मी आणि माझे मिस्टर आत्यांना घेऊन कलबुर्गीच्या दवाखान्यात गेलो होतो. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. गेल्या वर्षी त्यांच्या पोटातली गाठ काढली, तिच्यासोबत आतड्याचाही बराच भाग गेला... तेव्हापासून ही फेरी ठरलेली.

ऑपरेशननंतर डॉक्टरांनी दूध, दही, ताक, तूप सगळंच बंद केलं. एक घोट जरी पोटात गेला तरी दिवसभर जुलाब. अंगावर आधीच मांस राहिलं नव्हतं.

राजेश्वर गावात सगळा जन्म म्हशींमध्ये गेलेल्या बाईला हे सांगायचं होतं. भाकरीवर दही नसेल तर त्यांच्या लेखी ते जेवणच नव्हे.

फ्रिजमध्ये दूध दिसलं की त्या उठून प्यायच्या. म्हणून आम्ही घरात दूध आणणंच थांबवलं. गुळाचा कोरा चहा, कढीच्या जागी चिंचेचं सार, दह्याच्या जागी शेंगाची चटणी आणि वरून तेल... बिस्किटाचा पुडा घेतला तरी आधी मागची बारीक अक्षरं वाचायची. शाळेत शिकवून यायचं आणि मग आज बिनदुधाचं काय करायचं या विचारात गॅस पेटवायचा.

येळवशीला, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येच्या शेतातल्या सणाला, मी ताकाऐवजी चिंच घालून आंबील केलं. शेतात सगळे जेवायला बसलेले. आत्यांनी एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

"हे आंबील न्हाई. आंबट पाणी हाय," त्या म्हणाल्या. नंतर कशालाच हात लावला नाही.

हुमनाबादला आमच्या गल्लीत त्या दारात बसून सगळ्यांना सांगायच्या, सुनेनं माझं दूध तोडलं. मला म्हणायच्या, "कामून देईना झालीस ग? एक चमचा दह्यानं काय मरायले का मी?" बायका माझ्याकडे बघायच्या त्या नजरेनं मान वर करून गल्लीतून जाणंही नको व्हायचं.

शेजारच्या शांतक्कांना एकदा दया आली. मी शाळेत असताना त्यांनी पेलाभर ताक आणून दिलं. संध्याकाळी मी आले तर आत्या न्हाणीत पडलेल्या, उठायचीही ताकद नव्हती. त्या दिवशी मी शांतक्कांच्या दारात उभी राहून नाही नाही ते बोलले. नंतर आमचं बोलणंच बंद झालं.

तर मागच्या गुरुवारी... डॉक्टरांनी रिपोर्ट बघितले. आत्यांना बाहेर बाकावर बसवलं आणि आम्हा दोघांना आत बोलावलं. आजार लिव्हरपर्यंत गेला होता. हे विचारत राहिले, दुसरं ऑपरेशन, बंगळूरला नेलं तर... डॉक्टर शांतपणे ऐकत होते.

शेवटी मी विचारलं, "जेवणाचं पथ्य तेच ठेवायचं ना?"

"आता पथ्य काही नको," ते म्हणाले. "त्यांना आवडेल ते खाऊ द्या."

वर्षभर मी या एका वाक्याची वाट बघत होते.

घरी येताना आम्ही दूध घेतलं. ते तापवलं आणि मग लक्षात आलं, घरात विरजणच नाही. बराच वेळ ओट्यापाशी नुसती उभी होते. मग वाटी घेऊन शांतक्कांचं दार वाजवलं आणि विरजणाला चमचाभर दही मागितलं.

"मोसरू? दही?" त्यांना आधी पटेना. मग चेहरा एकदम उजळला. "म्हंजे दही चालतंय आता आत्यांना? देवा... बरं वाटायलंय म्हणा की!"

वाटी हातात धरून मी तिथंच रडायला लागले. शांतक्कांना कळलं. त्यांनी मला आत ओढून घेतलं आणि दार लोटून घेतलं. आमच्यातला अबोला कुठं गेला कुणास ठाऊक.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताटात भाकरी वाढली आणि शेजारी दह्याची वाटी ठेवली. मला वाटलं होतं, आत्या खूश होतील. त्या वाटीकडे बघत राहिल्या. हात लावेनात.

"डाक्टर काय म्हणला?"

"खा म्हणाले, आत्या. आवडेल ते खा म्हणाले."

हे पाणी आणायचं निमित्त करून उठले. आत्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, दह्यात बुडवला, तोंडात घातला आणि कितीतरी वेळ चघळत राहिल्या.

मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तू न्हाई म्हणायलीस तवर बरं व्हतं, बाई."

वर्षभर मला त्या पथ्याचा वैताग आला होता. लोकांची बोलणी, वेगळा स्वयंपाक, रोजची वादावादी. पण पथ्य चालू होतं म्हणजे त्या बऱ्या होतील असं कुणालातरी वाटत होतं... हे तेव्हा डोक्यात आलंच नाही.

आता रोज घरात दही लागतं. त्या दोन घास खातात. पोट बिघडतं, चादरी धुवाव्या लागतात, पण कुणी नको म्हणत नाही.

काल त्यांनी वाटी पुन्हा पुढं केली आणि सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं, "पुरे आत्या, बाधेल तुम्हाला."

क्षणभर मीच दचकले. आत्यांनी माझ्याकडे बघितलं, वाटी बाजूला सरकवली आणि हसल्या. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदाच.