डालाटचा राखीव दिवस

राजाभाऊंनी व्हिएतनामच्या अकरा दिवसांची एक्सेल शीट केली होती. विमानं निळी, देवळं-राजवाडे पिवळे, डोंगरातले रस्ते हिरवे, जेवणं गुलाबी. त्या सगळ्या रंगपंचमीत शुभाच्या वाट्याला एकच चौकोन आला होता, नवव्या दिवसाचा. त्यात लिहिलं होतं: 'डालाट. शुभा, होआला भेटणे. ९ ते ६.' हा एक चौकोन मिळवायला तिला जर्मनीतल्या येना शहरातल्या आपल्या स्वयंपाकघरात तीन आठवडे डोकं फोडावं लागलं. मिळाल्यावर बघते तर राजाभाऊंनी शेवटी बारीक अक्षरात 'लवचीक' असंही घालून ठेवलेलं. बाकी कुठल्याच चौकोनात तो शब्द नव्हता, हनोईतल्या दुपारच्या चहाच्या चौकोनातही नाही.

शुभा अठ्ठावन्न वर्षांची. सत्त्याण्णव साली नवऱ्याच्या, म्हणजे राजाभाऊंच्या, नोकरीपाठोपाठ, तीन वर्षांच्या लेकीला, इराला, कडेवर घेऊन ती येनाला आली. पुण्यात फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली बाई, पण जर्मन येत नाही म्हणून सुरुवातीची वर्षं घरातच गेली. लोबेडा भागातल्या अकरा मजली इमारतीत राहायची आणि जिन्यातल्या बायका आपल्याला नेमकं कशावरून बोलतायत तेही कळत नाही म्हणून रडायची. मग एकदा राजाभाऊंच्या पँटची चेन बिघडली आणि ती खालच्या कपडे दुरुस्तीच्या दुकानात गेली. तिथे होआ बसलेली. पूर्व जर्मनी होती त्या काळात व्हिएतनामहून कारखान्यात करारावर कामाला आणलेल्या मुलींपैकी ती एक. कारखाना बंद पडला, तो देशही गेला, बरोबरच्या मुली परत गेल्या, ही मात्र शिलाई मशीन घेऊन चिकटून राहिली. होआचं जर्मन भयंकर होतं आणि शुभाला समजणारं तेवढंच एक जर्मन होतं. रोज सकाळी इराला किंडरगार्टनला सोडलं की शुभा त्या दुकानात जाऊन बटणं लावायची आणि बोलायला शिकायची. त्या बोलण्याच्या जोरावरच पुढे तिला भिंगांच्या कारखान्यात तपासणीचं काम मिळालं. बावीस वर्षं तिने दिव्याखाली भिंगं धरून ओरखडे शोधले.

आता राजाभाऊ मार्चअखेर निवृत्त होणार होते आणि त्यानंतर पुणे. बाणेरला दादांच्याच सोसायटीत, दादांच्याच मजल्यावर फ्लॅट घेऊन सात वर्षं झाली होती. दादा म्हणजे राजाभाऊंचे थोरले भाऊ. वडील लवकर गेले, तेव्हा दादांनी स्वतःचं शिक्षण सोडून राजाभाऊंना इंजिनिअर केलं. त्या दादांना राजाभाऊंनी शब्द दिला होता की निवृत्त झालो की परत येतो. शुभाला कोणी विचारलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिनेही तोंडातून ब्र काढला नव्हता.

सगळं येऊन अडलं होतं ते एका कागदाशी. येनाचं घर भाड्याचं, करारावर नावं दोघांची, त्यामुळे घर सोडण्याच्या नोटिशीवर, म्हणजे क्युंडिगुंगवर, सह्याही दोघांच्या लागतात. राजाभाऊंनी ती टाइप करून ठेवली होती. स्वतःही सही केली नव्हती, दोघांनी एकदमच करू म्हणाले. रोज संध्याकाळी विचारायचे, "सही करतेस ना?" शुभा म्हणायची, "व्हिएतनामहून आल्यावर."

कारण तिच्या ओळखीत मायदेशी कायमचं परत गेलेलं माणूस एकच होतं, होआ. चार वर्षांपूर्वी म्हातारी आई आजारी पडली म्हणून ती डालाटला गेली आणि तिकडेच राहिली. तिला समोर बसवून शुभाला एवढंच विचारायचं होतं, की परत गेलीस ते बरं केलंस का. फोनवर होआ 'गूट, आलेस गूट' म्हणायची. सगळं उत्तम आहे असं फोनवर सगळेच म्हणतात. शुभानेही आपल्या आईला वर्षानुवर्षं तेच सांगितलं होतं.

सहल मुळात दोघांची होती. मग राजाभाऊंनी ती दादांच्या कानावर घातली आणि दादा म्हणाले, आम्हीही येतो. नाताळात दादा आणि प्रभावहिनी येनाला आले, आठ दिवस थंडीला नावं ठेवली आणि जानेवारीत चौघं फ्रँकफर्टहून उडाले. वहिनींच्या बॅगेत भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आणि विजेवर चालणारा छोटा कुकर होता. स्वेटर शुभाच्या बॅगेत टाकले, कारण कुकरला जागा हवी होती.

दादांची एक सवय होती. जे जे दिसेल त्याला पुण्याच्या बाजूचं काहीतरी काढून लावायचं. उत्तरेला सापा नावाच्या गावी डोंगरात पायऱ्यापायऱ्यांची भातशेती बघून ते म्हणाले, आपल्या मुळशीकडे काय कमी आहे. हुए शहरात राजवाड्याच्या तटासमोर उभं राहून म्हणाले, आपला शनिवारवाडा जळला नसता तर याच्या वरचढ होता. होई आनच्या जुन्या गल्ल्यांत संध्याकाळी कागदी कंदील लागले, नदीत त्यांचा उजेड हलायला लागला, शुभाचा पाय निघेना, तर दादा म्हणाले, तुळशीबागेत ढिगाने मिळतात. प्रत्येक वेळी राजाभाऊ "हो ना" म्हणायचे आणि घड्याळ बघायचे. सापाला दोन दिवस धुकं होतं. तिसऱ्या दिवशी दहा मिनिटं ढग बाजूला झाले, सगळी दरी समोर उघडी पडली, आणि राजाभाऊ म्हणाले, "चला, हिरवा संपला." शुभाच्या डोक्यात तिडीक गेली, पण दादांसमोर बोलायचं नाही ही सवय जुनी होती.

तिचा चौकोन कुरतडला जात होता तो असाच, कोणी ओरडत नाही की भांडत नाही. हुएला वहिनींचा गुडघा धरला म्हणून बादशहांच्या समाध्या दुसऱ्या दिवसावर गेल्या. होई आनला दादांनी रेशमी बंडी शिवायला टाकली, तिच्या मापासाठी अर्धा दिवस वाढला. मग गेलेला वेळ भरून काढायचा म्हणून डालाटहून समुद्राकडे निघायची गाडी नवव्या दिवशी दुपारी चारला ठरली. "नऊ ते चार मिळतायत की," राजाभाऊ म्हणाले. "सात तास कमी आहेत का?"

आठव्या दिवशी डालाटला पोचले आणि ती नेमकी अंगारकी निघाली. आता येनाचं असं होतं, की उन्हाळ्यात तिथे संकष्टीचा चंद्र पार मध्यरात्री उगवतो. म्हणून राजाभाऊंनी पहिल्याच वर्षी नियम केला होता, चंद्रोदय पुण्याचा धरायचा. त्यामुळे येनात चांगल्या लख्ख उजेडात मोदक खायला मिळायचे. नियम सोयीचा होता, शुभाने कधी तक्रार केली नाही. डालाटला मात्र सव्वाआठलाच पाइनच्या झाडांमागून मोठाच्या मोठा चंद्र वर आला. वहिनी बाल्कनीत फोनमधलं पंचांग उघडून बसल्या होत्या. चंद्रोदय पुणे, नऊ वाजून चार मिनिटं. म्हणजे इथले साडेदहा वाजून गेल्यावर.

"अहो, चंद्र समोर दिसतोय," शुभा म्हणाली.

"दिसेना का," राजाभाऊ म्हणाले. "आपण पुण्याचं धरतो."

"येनात धरतो, कारण तिथे उशीर होतो. इथे तो आलाय ना."

"एकदा धरलं की धरलं. वहिनींचा उपवास आहे, त्यांच्या मनाविरुद्ध कसं करणार?"

चंद्र डोक्यावर येत चालला आणि चौघं उपाशी त्याच्याकडे बघत बसली. वेळ झाली तोवर हॉटेलचं स्वयंपाकघर बंद झालेलं. वहिनींनी खोलीत कुकर लावला आणि सगळ्या मजल्याचे दिवे गेले. जेवणं कधी झाली ते विचारू नये. सकाळी दादांना पित्त झालं, वहिनींना जाग आली नाही, आणि त्यांना तसं टाकून कशी जातेस म्हणून राजाभाऊंनी शुभाला थांबवलं. दादांनी धिरडं खाल्लं तेव्हा बारा वाजले होते. एकट्या शुभाने टॅक्सी पकडली तेव्हा साडेबारा. टॅक्सीत तिला रडू येत होतं आणि त्याहून जास्त स्वतःची चीड येत होती.

होआचं घर उतारावर होतं, आजूबाजूला फुलशेतीचे प्लॅस्टिकचे मांडव. होआ फाटकातच उभी होती. चार वर्षांत ती वाळली होती. शुभाला मिठी मारायच्या आधी तिने मनगटावरचं घड्याळ पुढे केलं.

"नऊ म्हणालीस. एक वाजला," ती जर्मनमध्ये म्हणाली. दोघींना सामायिक असलेली भाषा तेवढीच. "कॉफी दोनदा केली, दोनदा ओतली."

मग तिने तिसऱ्यांदा केली. सफरचंदाचा केकही होता, अगदी येनाच्या बेकरीतला म्हणून खपेल असा. तो खाता खाता होआने गाऱ्हाणी सुरू केली. शेजारी रविवारी भर दुपारी कराओके लावतो. लोक कचरा वेगळा करत नाहीत, सरळ जाळतात. फोन न करता दारात उभे राहतात. "मी बोलले की हसतात. मला इथे सगळे जर्मन बाई म्हणतात. आल्झो, म्हणजे बघ, पस्तीस वर्षं तिकडे मला व्हिएतनामी बाई म्हणायचे." शुभाने दादांची बंडी आणि पुण्याचा चंद्र सांगितला. होआ डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. किती दिवसांनी कोणाशी तरी मन मोकळं होत होतं, शुभाला फार बरं वाटलं. पण तीन वाजत आले होते, म्हणून तिने एकदाचं विचारलं.

"होआ, परत आलीस ते बरं केलंस का?"

होआने कप खाली ठेवला. "आई सात महिन्यांनी गेली. शेवटपर्यंत मी जवळ होते. तेवढं बरं केलं."

"आणि नंतर?"

"नंतर मला येनाला यायचं होतं. भाऊ म्हणाला, आता कुठे जातेस, घर तुझंच आहे. भावजय तेच म्हणाली, शेजारी तेच म्हणाले. सगळे प्रेमाने बोलत होते. प्रेमाने बोलणाऱ्याला नाही कसं म्हणायचं? म्हणून मी काहीच म्हणाले नाही. पुतण्याने क्युंडिगुंग टाइप केली, मी सही केली. मग दुकान विकलं. मग कचेरीचं पत्र आलं, तुमचं इथे घर नाही, उत्पन्न नाही, तुम्ही इथे नाही, राहण्याचा परवाना संपला."

"मला एका शब्दाने बोलली नाहीस."

"तू म्हणाली असतीस, घरच्यांशी बोल. तेच तर जमत नव्हतं." होआ रडत नव्हती. ती चिडली होती, आणि इतक्या वर्षांनीही स्वतःवरच. "कोणी जबरदस्ती केली असती तर बरं झालं असतं, शुभा. निदान भांडले असते."

शुभाला भीती वाटली. हो म्हटलं नाही म्हणजे आपण अजून काही ठरवलेलं नाही, अशी तिची आजवर समजूत होती.

तेवढ्यात फोन वाजला. राजाभाऊ होते.

"शुभा, कुठे आहेस? गाडी लवकर आलीय, आम्ही बसलोय. तू आलीस की निघालो. आणि ऐक, दादा म्हणतायत एप्रिलमध्येच या, वास्तुशांत करून टाकू. मी हो म्हटलंय. म्हणजे घरी पोचलो की तो कागद पहिल्यांदा..."

"अहो," शुभा म्हणाली, "मला पुण्याला जायचं नाहीये. एप्रिलमध्ये नाही आणि नंतरही नाही. मी सही करणार नाही."

पलीकडून प्रभावहिनींचा आवाज आला, "काय म्हणाली ती?" तेव्हा शुभाच्या लक्षात आलं, की फोन स्पीकरवर आहे. त्या घरात एकाचा फोन सगळ्यांसाठीच असायचा. एरवी ती मेल्याहून मेल्यासारखी झाली असती.

"शुभा, अगं हे काय?" दादा म्हणाले. "परक्या मुलखात म्हातारपण काढायचं का? तुमच्यासाठी फ्लॅटची सगळी..."

"दादा," शुभाने त्यांना मध्येच थांबवलं. लग्न झाल्यापासून तिने हे कधी केलं नव्हतं. "तुमचे आमच्यावर फार उपकार आहेत, मी ते विसरले नाहीये. पण माझं घर येनात आहे आणि मला तिथेच राहायचंय. हे मी सात वर्षांपूर्वी बोलायला हवं होतं. ती चूक माझी."

गाडीचं दार सरकल्याचा आवाज झाला. पावलं वाजली. स्पीकर बंद झाला असावा, कारण रस्त्यावरचे हॉर्न एकदम लांब गेले आणि राजाभाऊंचा श्वास अगदी कानाशी आला. आता हे ओरडणार, शुभाच्या मनात आलं, आणि त्यालाही तिची तयारी होती.

राजाभाऊ ओरडले नाहीत. मागे दादा ऐकत असतील म्हणून ते अगदी हळू आणि जर्मनमध्ये बोलले. घरात बायकोशी जर्मन बोलायचं नाही हा त्यांचाच नियम होता.

"इश आउख निश्ट," ते म्हणाले. मलाही जायचं नाहीये.

हे मनात ठेवून रोज सही मागणाऱ्या नवऱ्याचा उभ्या संसारात शुभाला इतका राग कधी आला नव्हता.